सेन्सरचा ड्रिफ्ट (हळूहळू चुकीचं दाखवत जाणं) मॉडेलने पकडायचा की दरवर्षी खोलून बघायचं?

फ्लायॲश: कोळशावरचं युनिट आहे आमचं, नाव नको. दर ओव्हरहॉलला सगळे ट्रान्समीटर (माप घेऊन कंट्रोल रूमला पाठवणारी उपकरणं) सरसकट कॅलिब्रेट करायचे असा रिवाज आणि बहुतेक जिथल्या तिथेच निघतात, मग एवढी माणसं कशाला राबवायची? उलट कोणी इम्पल्स लाइनचा (ट्रान्समीटरपर्यंत दाब नेणाऱ्या बारीक नळीचा) व्हॉल्व्ह उघडायला विसरला की युनिट चढवताना बोंब. त्यापेक्षा कुठला सेन्सर किती सरकतोय त्याचं मॉडेल करा, जो सरकला त्यालाच हात लावा. ब्रिटनच्या साइझवेल बी अणुवीज केंद्रात ट्रान्समीटरसाठी हेच चालतं.

जुनंखोड: अरे बाबा, तिथे महत्त्वाच्या मापांना चार-चार चॅनल असतात, एक भरकटला की बाकीचे तीन चुगली करतात. आपल्याकडे बॉयलरच्या धुराच्या वाटेत, इकॉनॉमायझरच्या पुढे, मोजून दोन-चार ओटू प्रोब (ऑक्सिजन मोजणारे), त्यातला एक कायम राखेने खाल्लेला. ओटू वाढलेला दिसला तर प्रोबमधला झिरकोनियाचा सेल गेलाय की धुराच्या डक्टचा एक्स्पान्शन जॉइंट फाटून बाहेरची हवा आत शिरतेय, कसं ओळखणार तुझं मॉडेल? मी कॅलिब्रेशन गॅस (ऑक्सिजन किती ते माहीत असलेला) सोडतो आणि जागेवर निकाल लावतो.

फ्लायॲश: सर, हवा खरंच शिरत असेल तर आयडी फॅनचे (धूर ओढणाऱ्या पंख्याचे) ॲम्पिअर वाढतील, प्रोबच खोटं बोलत असेल तर नाही वाढणार. मॉडेल म्हणजे जादू नाही, हेच ताडून बघणं, फक्त रोज.

नाइटशिफ्ट: ओटू ट्रिम (प्रोबचा आकडा बघून हवा कमी-जास्त करणारं कंट्रोल) ऑटोत असतं हे दोघेही विसरलात का? सेटपॉइंट ३.५ आणि प्रोब हळूहळू जास्त दाखवायला लागला तर डीसीएस (प्लांटची कंट्रोल सिस्टिम) मुकाट्याने हवा कमी करत जातो आणि स्क्रीनवर ३.५ च राहतं, ट्रेंड बघाल तर सरळ रेघ! कळतं तेव्हा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) वाढलेला असतो नाहीतर राखेत न जळालेला कोळसा सापडतो. म्हणजे ड्रिफ्ट त्या प्रोबच्या टॅगमध्ये (नोंदीत) दिसतच नाही, तो हवा-कोळशाच्या गुणोत्तरात लपतो, आणि आपला कोळसा आज एक उद्या दुसरा, तिथून काय शोधणार कपाळ.

जुनंखोड: हेच म्हणतोय मी. शिवाय दुपारी सोलर आला की लोड ५५ टक्क्यांवर, फुल लोडच्या डेटावर शिकलेलं मॉडेल तिथे सगळ्याच सेन्सरना चोर ठरवेल.

फ्लायॲश: लोडचा प्रश्न मान्य, कमी लोडचा डेटापण शिकवावा लागेल. पण तुमचं खोलून बघणंही नेहमी खरं नसतं हो. के टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमान सेन्सर) वर्षानुवर्षं तापलं की तारेचा मधला भाग बदलतो, आणि व्होल्टेज तयार होतं ते जिथे तापमान उतरत जातं तिथे, टोकाला नाही. ते काढून लॅबच्या भट्टीत वेगळ्या खोलीवर घातलं की वेगळंच बोलतं. त्याचा दाखला धरून बसायचं?

नाइटशिफ्ट: हा मुद्दा भारी. पण मॉडेलला शिकायला काय देणार? ॲडजस्ट करण्याआधी सेन्सर किती चुकत होता ते कोणी लिहून ठेवलंय का? ते नसेल तर ड्रिफ्टचा वेग कुठून काढणार?

जुनंखोड: रजिस्टरमध्ये कॉलम आहे त्याचा. मागच्या दहा वर्षांची पानं चाळ, सगळीकडे 'ओके' लिहिलंय. निम्म्या पानांवर माझंच अक्षर आहे, आता काय सांगू.