मदत हवी आहे: मैत्रीण गेली अन् पोरगी गप्पच झाली

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्ह्याजवळच्या खेड्यातले. गावात जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच, म्हणून यंदा ५ वीला पोरीले तालुक्याच्या शाळेत टाकलं. एसटीचा पास मुलींना फुकट आहे, त्याची चिंता नाही. पण अंगणवाडीपासूनची तिची जिवलग मैत्रीण मामाकडे वर्ध्याला शिकायला गेली. तेव्हापासून डब्यातली अर्धी पोळी रोज परत येते. ती अर्धी मैत्रिणीची असायची ना! उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नाही. "मले काहीच येत नाही" म्हणते. चौथीत हीच सगळ्यांकडून पाढे म्हणवून घ्यायची! सर म्हणतात, रुळेल. मले नाही वाटत. नवी मैत्रीण जुळावी म्हणून आपण मधात पडावं की थांबावं? कोणाच्या लेकराचं असं झालं होतं का?