सहकारी शिक्षकांना मदत करायचं काम मिळतंय, हो म्हणू का?

खडूधूळ:
नमस्कार मंडळी. मी नववी-दहावीला सायन्स शिकवते. नवीन वर्षापासून मुख्याध्यापक मला एक वेगळंच काम देतायत, माझे काही तास कमी करणार आणि त्या वेळात मी बाकीच्यांच्या वर्गात बसायचं, नंतर त्यांच्याशी बोलायचं, शिकवताना कुठे अडतंय त्यात मदत करायची. पद वाढत नाहीये, विभागप्रमुख पण नाही. काम आवडेल मला, पण स्टाफरूममध्ये आत्तापासूनच कुजबुज सुरू झालीय की ही आता सरांना सगळं जाऊन सांगणार. आणि इतिहासाच्या तासाला बसून मी काय सांगणार, मला त्यातलं काय कळतं?

तिसरातास:
घ्या मॅडम, पण आधी सरांकडून लेखी घ्या की वर्गात जे दिसेल ते अप्रेझलमध्ये वापरलं जाणार नाही. आणि ते सगळ्या स्टाफसमोर त्यांनी स्वतः सांगायला हवं, तुम्ही सांगून कोणी विश्वास ठेवणार नाही. न्यूझीलंडच्या माध्यमिक शाळांत २००६ पासून स्पेशालिस्ट क्लासरूम टीचर अशी, सहकारी शिक्षकांना मदत करायची भूमिका आहे, तिथेही हे काम मूल्यमापनापासून वेगळं ठेवतात आणि त्यासाठी वेळ आणि भत्ता दोन्ही देतात. भत्त्याचं विचारलंत का?

मागचा_बाक:
मोकळे तास आहेत म्हटल्यावर कोणी रजेवर गेलं की पहिलं नाव तुमचं येणार बघा. ते तास टाइमटेबलमध्ये छापून घ्या, नाहीतर वर्षभर ऑफ तासच सांभाळत बसाल.

रेघोट्या:
विषयाचं टेन्शन घेऊ नका. मी भाषेची, पण गणिताच्या तासांना बसते. मत द्यायचंच नाही, जे घडलं ते नुसतं टिपायचं. उदा. प्रश्न विचारल्यावर सर किती वेळ थांबले. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधकांनी हे मोजलं होतं, शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तेच तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. हे बघायला इतिहास कशाला यायला हवा? तो कागद त्या शिक्षकालाच देऊन टाकायचा, कॉपी ठेवायची नाही, आणि 'तुम्हाला यात काय दिसतं' एवढंच विचारायचं. काय बघायचं तेही त्यांनीच ठरवायचं, तुम्ही नाही. आणि हो, सगळ्यात आधी त्यांना तुमच्या तासाला बोलवा, तेही तुमच्या सगळ्यात दंगेखोर वर्गाला 😄

अर्धविराम:
थोडं थंड पाणी ओततो. २०१८ मध्ये क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन या संशोधकांनी शिक्षकांच्या अशा कोचिंगवरच्या (म्हणजे वर्गात बसून शिक्षकाला मदत करण्यावरच्या) ६० अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, शिकवण्यात चांगली सुधारणा दिसली पण मुलांच्या मार्कांवरचा परिणाम त्यापेक्षा बराच कमी होता, आणि कार्यक्रम मोठा होत गेला की परिणाम अजून घटला. म्हणजे अख्ख्या स्टाफला मदत करायला जाऊ नका, जे स्वतःहून येतील त्या दोघातिघांबरोबरच वर्षभर काम करा. सर मात्र वर्षअखेर रिझल्ट विचारणार, त्याचं काय उत्तर द्यायचं ते आत्ताच ठरवून ठेवा.

खडूधूळ:
सगळ्यांचे आभार. भत्त्याचं विचारलंच नव्हतं 🙈 उद्या सरांशी बोलते. रेघोट्याताई, पण नोकरीत सगळ्यात सीनियर असलेले सर 'माझ्या वर्गात कोणी यायचं नाही' म्हणाले तर?

रेघोट्या:
मग जायचं नाही. त्यांनाच विचारा तुमच्या तासाला येऊन बसाल का म्हणून.