मदत हवी आहे: अकरा वाजले की हातपाय कापतात, गूळ खाल्ला की उतरतं

पऱ्हाटीवाला (सोमवार, रात्री ८:१०)
नमस्कार. थोडक्यात विचारतो, उद्या परत वावरात जायचं आहे आणि वेचणीच्या बाया सात वाजताच येऊन उभ्या राहतात.

तीन आठवडे झाले, सकाळी अकरा-साडेअकराला मला एकदम कसंतरी होतं. आधी ओठाला मुंग्या येतात, मग हात कापतात. परवा विहिरीवर मोटारीच्या स्टार्टरचं बटण दोनदा हुकलं, इतके. बनियन पिळावं एवढा घाम, तोही थंडगार, आणि मी बसलेलो कुठं तर धुऱ्यावरच्या बाभळीखाली सावलीत. छाती धडधडते. राग येतो विनाकारण. गुळाचा खडा तोंडात टाकला की पंधरा मिनिटांत सगळं उतरतं, डोकं मात्र दुपारपर्यंत जड.

गावातले म्हणतात शुगर कमी होत असेल. मला शुगर नाही, हे आधीच सांगून ठेवतो, त्यावर चर्चा नको. प्रश्न एकच: वावरात सोबत काय ठेवावं? गूळ, ग्लुकोज, बिस्कीट? लवकर सांगा, रात्री इकडे नेट जाते.

वैनगंगा_काठ (८:२२)
वय किती? सकाळी काय खाऊन निघता? कोणत्या गोळ्या चालू आहेत का? बीपी? रात्री थोडी घेता का? आणि असं होत असताना मशीनवर कधी मोजली आहे का? एवढं सांगितल्याशिवाय कोणी काय सांगणार.

निसर्गोपचारी (८:३१)
दादा, रात्री एक चमचा मेथीदाणे भिजत घाला, सकाळी चावून खा, वरून कारल्याचा रस अर्धी वाटी. माझ्या सासऱ्यांची शुगर ३१० वरून १४० ला आली. दोन महिने करून बघाच.

बोंडअळी (८:३४)
ओ बापा, त्याची शुगर कमी होऊन रायली म्हणते थो माणूस. तुमी अजून कमी कराले निंघाले.

निसर्गोपचारी (८:३६)
कारलं शुगर कमी करत नाही, संतुलित करतं. आधी वाचून घ्या, मग बोला.

पऱ्हाटीवाला (८:४९)
वय ४६. दारू नाही, तंबाखू आहे. बीपी मोजली नाही, मशीनवरही मोजली नाही. मी विचारलं काय आणि उत्तरं काय येऊन राहिली. सोबत काय ठेवू ते सांगा ना.

धुरा_आणि_बांध (८:५५)
भाऊ, फवारणी चालू आहे का तुमची? घाम, कापरं, धडधड हे सगळं विषबाधेतही होतं. २०१७ ला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं किती माणसं गेली ते विसरू नका. तोंडाला लाळ, मळमळ, डोळ्यांनी धूसर दिसणं असं काही असेल तर गूळ चघळत बसू नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा आणि औषधाचा डबा सोबत न्या.

पऱ्हाटीवाला (९:०२)
फवारणी होऊन महिना झाला. आता वेचणी आहे. आणि विषबाधा गुळानं उतरते का?

धुरा_आणि_बांध (९:०४)
ते बरोबर आहे तुमचं. पण विचारलेलं बरं.

बोंडअळी (९:०७)
वेचणीचा भाव काय देऊन रायले भाऊ तुमच्याकडं? आमच्या इथं किलोमागं मागतात आन् वरून आणून सोडाले ऑटो पाह्यजे. कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलमागं ८११० कागदावर, सीसीआयच्या म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या सेंटरवर गेलं का ओलावा पाहतात, बारा टक्क्याच्या वर निंघाला का गाडी वापस.

धुरा_आणि_बांध (९:०९)
८११० लांब धाग्याचा. तुमचा कोणता?

बोंडअळी (९:१०)
व्यापारी म्हणन थो.

शनिवारपेठी (९:१५)
मी डॉक्टर नाही, पण वर्णन वाचून मला तरी हा पॅनिक अटॅक वाटतो. मलाही कोविडनंतर असं व्हायचं. अनुलोम-विलोम आणि थोडा स्क्रीन टाइम कमी केलात तर फरक पडेल. शेतीतला ताण खूप असतो, समजू शकते.

बोंडअळी (९:१७)
वावरात कोणता स्क्रीन टाइम बाई.

वैनगंगा_काठ (९:२०)
शनिवारपेठी ताई, घबराटीत असं होतं हे खरं आहे. पण रोज ठरल्या वेळी येतं आणि गोड खाल्लं की जातं, म्हणून शंका शुगरचीच. शंका म्हणतेय, खात्री नाही. त्रास होत असताना मशीनवर आकडा कमी दिसला आणि गोड खाऊन त्रास गेला, तरच ते नक्की होतं. पऱ्हाटीवाले भाऊ, गावात कोणाकडे मशीन आहे का? आणि गोळ्यांचं उत्तर राहिलं तुमचं.

गूळपापडी (९:२६)
मूळ प्रश्नाला कोणीच उत्तर दिलं नाही म्हणून देतो. गूळच ठेवा. नैसर्गिक आहे, साखरेसारखी शुगर झपकन वाढवत नाही.

मेडिकलवाला (९:३३)
गूळपापडी, गुळातही बहुतेक साखरच असते. आणि तुमचं म्हणणं खरं धरलं तर गूळ ठेवूच नये, कारण इथं झपकन वाढायलाच हवी आहे! चॉकलेट, क्रीमचं बिस्कीट यात तूप-तेल असतं, ते साखर रक्तात जायला वेळ लावतं. साधी साखर किंवा ग्लुकोज पावडर घ्या. तीन चहाचे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अर्ध्या ग्लास पाण्यात. पंधरा मिनिटं बसून राहा. उतरलं नाही तर परत तेवढीच. उतरल्यावर मात्र भाकर खा, नाहीतर तासाभरात पुन्हा तेच.

गुळाला माझा विरोध नाही. पण हात कापत असताना फडक्याची गाठ सोडायची, खडा फोडायचा, चावायचा, याला वेळ जातो. आणि माणूस भ्रमात असेल तर खडा घशात अडकतो.

गूळपापडी (९:३८)
आमच्या आजोबांनी नव्वद वर्षं गूळच खाल्ला.

आशाताई_उपकेंद्र (९:४१)
दादा, पुडी शर्टाच्या खिशात ठेवा. डब्यात नको, बंडीत तर नकोच. आमच्या गावात एकाची शिदोरी पार त्या धुऱ्यावर होती आणि माणूस ह्या धुऱ्यावर पडला. वेचणीच्या बायांनाही दाखवून ठेवा पुडी कुठं आहे ते. बेशुद्ध पडलं तर तोंडात काही ओतायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. आणि अकराच्या सुमारास विहिरीच्या कठड्याजवळ एकटे जाऊ नका.

तपासणी उपकेंद्रात फुकट होते, मशीन आहे. गोळी कोणती घेता ते मीही विचारते.

पऱ्हाटीवाला (मंगळवार, दुपारी १२:१५)
आज ११:२० ला परत झालं. गूळ खाल्ला, अर्ध्या तासानं शेजारच्या वावरातल्या काकांच्या मशीनवर मोजली. २६३!! म्हणजे कमी नाही, वाढते आहे. तुम्ही सगळे उलटंच सांगत होते. आता रात्री अजून एक गोळी घेऊ का, अर्धी?

वैनगंगा_काठ (१२:१७)
कोणती गोळी??

मेडिकलवाला (१२:१८)
थांबा. काहीही घेऊ नका. गोळीचं पाकीट समोर धरा आणि त्यावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका.

आशाताई_उपकेंद्र (१२:२४)
दादा, गूळ ज्या हातानं फोडला त्याच बोटाचं रक्त घेतलं का? हात धुतला होता का?

पऱ्हाटीवाला (१२:५८)
हात नाही धुतला. पॅंटला पुसला.

पाकीट: ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम. शुगरचीच आहे. दोन वर्षांपूर्वी शिबिरात शुगर निघाली होती, तेव्हापासून चालू. पण गेल्या वेळी उपाशीपोटी ११२ आली, नॉर्मल आहे म्हणाले, म्हणून लिहिलं की शुगर नाही. सकाळी सहाला कोऱ्या चहासोबत घेतो, बिनसाखरेचा.

मेडिकलवाला (१:०६)
भाऊ, तुमची शुगर नॉर्मल आली ती गोळी चालू होती म्हणून. शुगर गेली असं नाही होत.

यातलं ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतं, मग पोटात भाकर असो की नसो. म्हणून ती पहिल्या पोटभर जेवणासोबत घ्यायची असते. मेटफॉर्मिन एकटी असती तर सहसा एवढं झालं नसतं. सहाला गोळी, वर कोरा चहा, मग चार-पाच तास वावरात. पहिलं जेवण किती वाजता?

पऱ्हाटीवाला (१:१५)
एक वाजता. दसऱ्यापासून दोन वेळचाच जेवतो, दुपारी एक आणि रात्री आठ. मधे काहीच नाही. साडूभाऊ करतो, त्याचं पोट गेलं पार. आधी आठ वाजता भाकर खाऊन निघत होतो.

वैनगंगा_काठ (१:१७)
हे काल पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर बिचाऱ्या कारल्याचा जीव वाचला असता.

दोनदाच_जेवतो (१:३०)
डाएटला दोष देऊ नका. मी १८ महिने करतोय, ९१ वरून ७८ किलो. मला एकदाही असा त्रास झाला नाही.

मेडिकलवाला (१:३२)
तुम्ही शुगरची गोळी घेता का?

दोनदाच_जेवतो (१:४०)
नाही. मला शुगर नाही.

मेडिकलवाला (१:४१)
मग?

दोनदाच_जेवतो (१:५५)
डॉक्टरांना विचारून गोळी कमी करून करायचं असतं हे. यांनी विचारलं नाही, यात डाएटचा काय दोष?

मेडिकलवाला (१:५८)
हे मात्र पटलं.

आशाताई_उपकेंद्र (२:१०)
दादा, तो २६३ धरू नका. बोटाला गूळ लागलेला असला की मशीन तो गूळही मोजते. मी एकीला साखरेच्या डब्यात हात घालून आलेली पाहिली होती, आकडा बघून घरचे रडायला लागले. साबणानं हात धुवायचा, कोरडा करायचा, मग टोचायचं. त्रास सुरू झाल्याबरोबर मोजा, गोड खायच्या आधी. मशीन हाताशी नसेल तर मात्र मोजायला पळू नका, आधी साखर घ्या. ७० च्या खाली कमी, ५४ च्या खाली फारच कमी.

रात्रीची जास्तीची गोळी अजिबात नाही. सकाळची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा. काही झालं तरी भाकर खाऊनच निघा.

रक्तलघवी_लॅब (२:४४)
एक मुद्दा कोणी काढला नाही. आपल्या भागात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, बराच आहे. तो असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीचा शुगर रिपोर्ट फसवा येऊ शकतो. तपासणी झालेली नसेल तर करून घ्या.

पऱ्हाटीवाला (३:०५)
सिकलसेल तपासला आहे, नाही. अजून काय काय तपासू?

रक्तलघवी_लॅब (३:११)
क्रिएटिनिन. किडनी मंदावली असेल तर ही गोळी अंगात जास्त वेळ टिकते.

नवीन_सभासद_४४ (४:३०)
बॅटरीचा फवारणी पंप घ्यावा की पेट्रोलचा? हरभऱ्यासाठी पाहिजे.

बोंडअळी (४:३३)
नवीन धागा काढ न बापा. आन् बॅटरीचा घे.

पऱ्हाटीवाला (शुक्रवार, रात्री ७:५०)
नेट नव्हतं तीन दिवस. बुधवारी डॉक्टर नव्हते, म्हणून गोळी घेतली नाही, भाकर खाऊन गेलो, काही झालं नाही. मला वाटलं भाकरीनंच भागलं. म्हणून गुरुवारी गोळी परत घेतली आणि जेमतेम अर्धी भाकर खाल्ली, बाया आल्या होत्या. साडेअकराला सुरू झालं. काकांचं मशीन त्या दिवशी मागूनच आणलं होतं. बाटलीच्या पाण्यानं हात धुतला, धोतराच्या कोऱ्या टोकाला पुसला, टोचला. ५६. तीन चमचे साखर पाण्यात घेतली, पंधरा मिनिटांनी ८१. मग शिदोरी सोडली.

आज दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केलं, नुसती मेटफॉर्मिन ठेवली, तीही जेवणासोबत. क्रिएटिनिन लिहून दिलं. दोन आठवडे आकडे वहीत लिहून आणायला सांगितले. मी आपलं सांगत होतो की घाम येतो, हात कापतात. बायको बाजूला उभी होती, ती म्हणाली, सकाळी काही खात नाही ते सांगा ना. तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवला.

वैनगंगा_काठ (८:०४)
वहिनींचं खातं उघडून द्या इथं. पुढचे प्रश्न त्यांनीच विचारावेत.

आशाताई_उपकेंद्र (८:१२)
बरं झालं दादा. जुनं पाकीट घरात ठेवू नका, चुकून तेच हातात येतं. आणि रात्री जागलीला जात असाल तर जेवून जा, पुडी तिथंही खिशात.

पऱ्हाटीवाला (८:२०)
जातो ना, तुरीत डुकरं शिरतात. पुडी आहे. गूळपापडी भाऊंना सांगा, गूळ पण आहे, चहात.

निसर्गोपचारी (८:४५)
गोळी कमी झालीच आहे तर आता मेथीदाणे सुरू करायला हरकत नाही.

बोंडअळी (८:४६)
😑