मदत हवी आहे : आर्थिक नियोजन एप्रिलच्या पुढे का टिकत नाही?

अबोली
हातात येणारा पगार ६२,०००. भाडं, किराणा, वीज-गॅस, प्रवास मिळून महिन्याचा खर्च ४२,०००. जानेवारीपासून महिन्याला एकूण १७,००० च्या चार एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणं) लावायच्या आणि ३,००० वरखर्चाला ठेवायचे, असा बेत आहे. याआधी असाच बेत दोनदा फसलाय, दोन्ही वेळा एप्रिलच्या आत. शिस्त कमी पडते की आकडे चुकतात?
मोठे खर्च : मार्चमध्ये टर्म आणि आरोग्य विमा ३१,०००, मेमध्ये गावी जाणं १०,०००, शाळेची फी जून आणि नोव्हेंबरमध्ये २४-२४ हजार, सप्टेंबरात गणपती ९,०००, ऑक्टोबरात स्कूटरचा विमा-सर्व्हिसिंग ७,०००, नोव्हेंबरात दिवाळी १५,०००.

हिशोबी
आकडे चुकतायत. मोठ्या खर्चांची बेरीज करा : १,२०,०००, म्हणजे महिन्याला १०,०००. तुमचा खरा मासिक खर्च ५२,००० आहे. १७,००० ची एसआयपी झेपणारी नव्हतीच, आणि मार्चमधला विमा पहिला दणका देतो म्हणून सगळं एप्रिलच्या आत मोडतं.
हे १०,००० पगाराच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या बचत खात्यात टाका. पण इथे एक खाचखळगा आहे, महिनावार ताळा करून पाहा. मार्चअखेर ३०,००० जमतात आणि विमा ३१,००० चा, म्हणजे हजार कमी. जूनची फी भरल्यावर तूट ५,०००. नोव्हेंबरात दिवाळी आणि फी एकत्र आली की तूट १०,०००. डिसेंबरच्या हप्त्याने खातं शून्यावर येतं. म्हणून सुरुवातीलाच १०,००० आगाऊ टाकून खातं सुरू करा, मग वर्षभर कुठेही अडत नाही. नुसतं 'बारा भाग करा' असं सांगितलं जातं, पण हे आगाऊ पैसे नसले की पहिल्याच वर्षी क्रेडिट कार्ड बाहेर निघतं. ३१,००० कार्डावर थकले तर महिना साडेतीन टक्क्यांनी हजारावर नुसतं व्याज.

रानवाट
+१. एसआयपीच्या तारखाही बघा. पगार १ तारखेला असेल तर एसआयपी ५ ते ७ च्या दरम्यान ठेवा. २५ तारखेला खात्यात काय उरेल याचा भरवसा नसतो. चारही एसआयपी एकाच दिवशी असतील आणि शिल्लक नसेल, तर बँकेचा दंड चारदा लागतो, वर १८ टक्के जीएसटी. मासिक एसआयपीचे लागोपाठ तीन हप्ते चुकले की ती बंदच होते. पैसे नसतील असं दिसलं तर आधीच 'पॉज'ची, म्हणजे हप्ते तात्पुरते थांबवण्याची, विनंती टाका. ती लागू व्हायला काही दिवस जातात, आदल्या रात्री टाकून उपयोग नाही.

अबोली
धन्यवाद दोघांनाही! मग पगारातून दरमहा उरणारे १०,००० सगळे एसआयपीत घालू? आणि वेगळ्या खात्याऐवजी आरडी (आवर्ती ठेव) चालेल का?

हिशोबी
आरडी नको. वर्षात सहा-सात वेळा पैसे काढायचे आहेत, आरडी दरवेळी मोडावी लागेल. साधं बचत खातं बरं, मात्र त्याला यूपीआय जोडू नका आणि किमान शिल्लकीची अट आधी विचारून घ्या.
१०,००० पैकी ७,००० आधी आणीबाणीच्या निधीला द्या. तीन महिन्यांच्या घरखर्चाचे १,२६,००० अठरा महिन्यांत जमतील. तोवर एसआयपी ३,००० चीच, तीही चार फंडांऐवजी एकाच फंडात. रक्कम छोटी वाटेल, पण चालू राहील ती हीच. निधी पुरा झाल्यावर ते ७,००० एसआयपीकडे वळवा.

रानवाट
निधी लिक्विड फंडात (पैसे लवकर काढता येणारा म्युच्युअल फंड) ठेवणार असाल तर थोडे बचत खात्यातही असू द्या. फंडातून पैसे यायला साधारण कामकाजाचा एक दिवस जातो आणि रुग्णालयाची अनामत तेवढा वेळ थांबत नाही.