'नेटवर्क व्हेरिएबल'ला मराठीत काय म्हणावे?

पाटीपेन्सिल
न्यूरॉन सी भाषेत नियंत्रण जाळ्यातल्या यंत्रांचे (तापमानमापक, झडपेचा नियंत्रक वगैरे) प्रोग्रॅम कसे लिहायचे, यावरच्या टिपणांचे मराठीकरण करतो आहे. त्यात एका यंत्राने दुसऱ्याला कळवायच्या किमतीला नेटवर्क व्हेरिएबल म्हणतात. गणितात व्हेरिएबलला 'चल' म्हणतात म्हणून नेटवर्क व्हेरिएबलला 'जालचल', आणि डिव्हाइस इंटरफेसला 'संवादपटल' केले. चालेल का?

अर्धविराम
'जालचल' तरी ठीक. 'चर' घेतला असतात तर 'जालचर' झाले असते आणि वाचकाने गळ टाकला असता.

तारायंत्र
संवादपटल नको. पटल म्हटले की पडदा आणि बटणे आली. इथे पडदा नसतोच. यंत्र बाकीच्या जाळ्याला स्वतःबद्दल जेवढे सांगते तेवढा त्याचा इंटरफेस: नेटवर्क व्हेरिएबल, कॉन्फिगरेशन प्रॉपर्टी (यंत्राच्या सेटिंग्ज) आणि त्यांचे गट, म्हणजे फंक्शनल ब्लॉक. आतला हिशेब कसा चालतो हे त्यात येत नाही. कंपाइलर याची एक्सआयएफ फाइल, म्हणजे इंटरफेसचे वर्णन, काढतो. ती हाती असली की यंत्र समोर नसतानाही जाळ्याची आखणी करता येते. मी 'इंटरफेस'च ठेवीन, फार तर पहिल्यांदा 'यंत्राची दर्शनी बाजू' असे सांगून.

आणि एक, टिपणांत नसेल तर घाला. इंटरफेस बदलला की ८ बाइटचा प्रोग्रॅम आयडी, म्हणजे प्रोग्रॅमची ओळखखूण, तोही बदलायचा. आयडी तोच म्हणजे इंटरफेस तोच, असे आखणीचे सॉफ्टवेअर धरून चालते.

मोजपट्टी
माझी हरकत 'चल'लाच आहे. साध्या व्हेरिएबलला किंमत दिली की ती मेमरीत बसते, कोणाला पत्ता नसतो. जावक नेटवर्क व्हेरिएबलला किंमत दिली की ती जोडलेल्या यंत्रांकडे निघते, आणि तिकडे 'किंमत आली' या घटनेवर लिहिलेले व्हेन-कलम ('असे घडले की हे कर' असा प्रोग्रॅमचा भाग) चालू होते. तेही लगेच नाही: चालू काम संपल्यावर. एकाच कामात तीनदा किंमत बदललीत तर शेवटची पोचेल एवढीच हमी; प्रत्येक किंमत जायला हवी तर घोषणेतच 'सिंक' लिहावे लागते. 'पोल्ड' लिहिले तर कोणी विचारल्याशिवाय ती आपण होऊन जातच नाही. 'चल' शब्दातून यातले काय कळते?

पाटीपेन्सिल
तुम्ही 'जावक' म्हणालात. मी इनपुट-आउटपुटला आदान-प्रदान वापरले होते.

मोजपट्टी
आवक-जावक बरे. दिशा नेहमी त्या यंत्राच्या बाजूने मोजायची. तापमानमापकाची जावक ती झडपेच्या नियंत्रकाची आवक. नवखे इथेच गोंधळतात, आणि 'आदान-प्रदान' हा जोडशब्द देवघेवीचा असल्याने तो गोंधळ वाढवतो.

तारायंत्र
सहमत. फक्त 'किंमत' जपून वापरा. एसएनव्हीटी_टेम्प_पी या प्रमाणित प्रकारात तापमान अंशाच्या शंभराव्या भागात असते. २१.५० अंश सेल्सिअस पाठवायचे तर तारेवरून २१५० हा पूर्णांक जातो. ३२७६७ आला तर ते तापमान नव्हे, 'वाचन वैध नाही' अशी खूण. न तपासता शंभराने भागले की ३२७.६७ अंश दिसतात. म्हणून तारेवरचा आकडा आणि त्याचा अर्थ यांना दोन वेगळे शब्द हवेत.

पाटीपेन्सिल
मग 'कच्चा आकडा' आणि 'मूल्य' करतो. एका यंत्राचे व्हेरिएबल दुसऱ्याच्या व्हेरिएबलशी जोडण्याला, म्हणजे बाइंडिंगला, 'बांधणी'?

अर्धविराम
बांधणी पुस्तकाची. जोडणी म्हणा.

मोजपट्टी
जोडणी चालेल, पण ती तारेची नव्हे हे एकदा लिहा. अनेक यंत्रे एकाच तारेवर असू शकतात. जोडणी करताना आवक आणि जावक व्हेरिएबलला एकच १४ बिटांचा सिलेक्टर, म्हणजे ओळख-आकडा, मिळतो, आणि आलेला निरोप कोणत्या व्हेरिएबलचा हे यंत्र त्यावरून ओळखते. दोन्हींचा प्रकारही जुळावा लागतो.

पाटीपेन्सिल
ठरले. नेटवर्क व्हेरिएबल आणि इंटरफेस तसेच, आवक-जावक आणि जोडणी मराठीत. 'सिलेक्टर'ला हात लावत नाही.