जिनास्तेराचा मोठेपणा ‘मालांबो’त की 1958 नंतरच्या कामात?

अनवट

अर्जेंटिनाचा संगीतकार अल्बेर्तो जिनास्तेरा (1916–1983) हे नाव कार्यक्रमपत्रिकेत दिसलं की पुढचं वाचायची गरज नसते. ‘एस्तान्सिया’ या बॅलेमधले चार नाच असणार, आणि शेवटी मालांबो, म्हणजे गाउचोंचा, तिथल्या घोडेस्वार गुराख्यांचा नाच. साडेतीन मिनिटांचा दणका आणि टाळ्या. 2007 साली लंडनच्या प्रॉम्स संगीतमहोत्सवात निर्देशक दुदामेल आणि व्हेनेझुएलाच्या तरुण वादकांनी तो रंगीत जॅकेटं घालून वाजवला, तेव्हापासून तर तो ‘पब्लिक खूश’ करायचा हमखास आयटमच झाला आहे.

माझं म्हणणं असं: हा नाच वगळला तरी जिनास्तेरा मोठाच राहतो. 1958 नंतरचं काम वगळलं, तर मात्र एक चांगला प्रादेशिक संगीतकार उरतो, बस्स.

‘एस्तान्सिया’ (1941) मागणीबरहुकूम केलेलं काम आहे. लिंकन कर्स्टीनच्या अमेरिकन बॅले कॅराव्हॅनला अर्जेंटिनाच्या ग्रामीण जीवनावर बॅले हवा होता, जिनास्तेराने तो दिला. तो स्वतः ब्युनोस आयर्सचा, कातालान बाप आणि इटालियन वंशाची आई यांच्या घरात वाढलेला. पाम्पाच्या माळरानावरचा गाउचो त्याला भेटला तो मुख्यतः साहित्यातून.

1958 पासून मात्र माणूस सुटलाच. बाराही स्वरांच्या पद्धतीतलं (सप्तकातले बारा स्वर एका ठरवलेल्या ओळीत मांडून त्यावर रचना करायची) दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट, सोप्रानो आणि तालवाद्यांच्या ताफ्यासाठी ‘कांताता पारा आमेरिका माहिका’ (1960), पहिला पियानो कन्चेर्तो (1961), आणि तीन ऑपेरा: ‘डॉन रोद्रिगो’ (1964), ‘बोमार्झो’ (1967), ‘बेआत्रिक्स चेंची’ (1971). ‘बोमार्झो’ मे 1967 मध्ये वॉशिंग्टनला झाला आणि त्याच वर्षी ब्युनोस आयर्समध्ये ओंगानियाच्या लष्करी राजवटीत त्यावर बंदी आली. तिथल्या तेआत्रो कोलोन या ऑपेरागृहात तो लागायला 1972 उजाडलं. मालांबोवर कुणी बंदी घालेल का?

खर्जातला

अनवट, साफ असहमत. बंदी आली म्हणून संगीत मोठं ठरत नाही, नाहीतर सेन्सॉर बोर्डालाच समीक्षक नेमावं लागेल.

तुम्ही ज्याला ‘एस्तान्सिया’ म्हणताय तो अख्खा बॅले नाहीच. मूळ कृती अर्ध्या तासाच्या वरची आहे. त्यातून निवडलेल्या चार नाचांची मालिका, म्हणजे सूट, जेमतेम बारा-तेरा मिनिटांचा. कर्स्टीनची मंडळी 1942 ला विखुरली, बॅले रंगमंचावर आलाच नाही. 1943 ला कोलोनमध्ये नुसता सूट वाजला, अख्खा बॅले तिथे 1952 ला उभा राहिला. मधल्या काळात सूट जगभर पोचून बसला.

सूटमध्ये काय गळलं ते बघा. मूळ रचना एका पहाटेपासून दुसऱ्या पहाटेपर्यंतचा दिवस आहे. शहरातला पोरगा शेतावरच्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि गाउचोंच्या बरोबरीने काम करून दाखवतो तेव्हाच ती मानते. मध्ये एक गायक होसे एर्नान्देसच्या ‘मार्तिन फिएरो’ या काव्यातल्या ओळी म्हणतो, कधी नुसत्या बोलून, कधी गाऊन. संध्याकाळ आणि रात्र तर विलक्षण उदास आहे. ते सगळं काढून तुम्ही चार नाच ऐकता आणि वर म्हणता, उथळ आहे! शेवटचा मालांबो हा त्या पोराच्या परीक्षेचा निकाल आहे. आधीची परीक्षाच कापली तर उरणार दणकाच.

तिहाई

मालांबोला हलकं समजणाऱ्यांनी तो एकदा मोजून बघावा. हा पुरुषांचा पायांनी खेळायचा स्पर्धेचा नाच. सहा मात्रांचं आवर्तन, दादऱ्यासारखं 3+3. पण त्याच सहा मात्रांवर दुसरा थर 2+2+2 असा बसतो. दोन्ही एकदम चालू असतात, आणि आघात कुठल्या थरावर आहे ते सतत बदलतं. सगळी गंमत त्या ओढाताणीत आहे.

ऑर्केस्ट्रा फसतो तो इथेच. निर्देशक सुरुवातच इतक्या जलद लयीत करतो की तीनचे आघात पुसले जातात आणि नुसती सपाट घोडदौड ऐकू येते. दुसरी चूक आवाजाची: पहिल्या पानावरच सगळे जीव तोडून वाजवतात, मग शेवटी वाढवायला काही शिल्लक नसतं. या सूटमध्ये ट्रॉम्बोन आणि ट्यूबा नाहीत हे बरेच जण विसरतात. चार हॉर्न, दोन ट्रम्पेट, पियानो आणि तालवाद्यं एवढ्यावर तो आवाज उभा करायचा आहे. त्यामुळे पितळी वाद्यं लवकर दमली की शेवट कोसळतो.

तालमीत उपाय साधा आहे. आधी फक्त टिंपनी, डबल बास आणि पियानो मध्यम लयीत वाजवून घ्यायचे, दोन्ही थर स्वच्छ ऐकू आले की मग व्हायोलिनं, झायलोफोन अगदी शेवटी. झायलोफोन लवकर आला की तोच लय ओढून नेतो.

काळी_चार

दोन्ही बाजूंना पियानोवरचा पुरावा देतो, तो कुणाच्याच सोयीचा नाही.

‘दान्सास आर्खेन्तिनास’, ओपस (कृतिक्रमांक) 2, 1937. म्हणजे वय 21. पहिला नाच म्हाताऱ्या गुराख्याचा. उजवा हात फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर, डावा फक्त काळ्या. दोन वेगळ्या पट्टीतलं संगीत एकाच वेळी. यात लोककलेचं गोग्गोड काही नाही. वाजवताना अडचण अशी की दोन्ही हात मधल्या सप्तकात अगदी जवळ येतात आणि अंगठे एकमेकांना भिडतात. डावा हात पट्ट्यांच्या आत, झाकणाच्या बाजूला ठेवायचा, उजवा पट्ट्यांच्या कडेला. मनगटं वेगवेगळ्या उंचीवर राहिली की टक्कर थांबते. बहुतेक विद्यार्थी इथे जोर लावतात आणि विनोद मरतो. तो हलका, तिरकस नाच आहे. जोर तिसऱ्यासाठी राखायचा, फरारी गाउचोच्या. तिथे संगीतकाराच्या सूचनाच ‘रागाने’, ‘रानटीपणे’ अशा चढत जातात.

आता पहिल्या नाचाचा शेवट ऐका: गिटारच्या सहा मोकळ्या तारा, ई-ए-डी-जी-बी-ई. गिटार न वाजवता फक्त हातात घेतली, असा आवाज. हीच स्वरसंगती 1953 च्या ‘वारियासियोनेस कोन्सेर्तान्तेस’च्या सुरुवातीला हार्पवर येते, वर चेलो गातो. आणि 1976 च्या गिटार सोनाटामध्ये ती शेवटी खऱ्या गिटारवर पोचते. एकोणचाळीस वर्षं एकच खूण.

1952 चा पहिला पियानो सोनाटा तर तुमच्या सीमारेषेच्या सहा वर्षं आधीचा. त्याचा दुसरा भाग, प्रेस्तो मिस्तेरिओसो, बारा स्वरांच्या ओळीने सुरू होतो. दोन्ही हात दोन सप्तकांच्या अंतराने तेच स्वर वाजवतात, अत्यंत हळू आवाजात, अत्यंत जलद. बोट किंचित खोल गेलं तरी तो स्वर उठून दिसतो, म्हणून पट्टी तळापर्यंत न दाबता वरच्या वर वाजवावी लागते, आणि पेडल जवळजवळ नको. शेवटचा भाग पुन्हा मालांबो. म्हणजे बारा स्वर आणि मालांबो एकाच सोनाटात शेजारी शेजारी बसले आहेत. मग 1958 ला नेमकं काय घडलं?

अनवट

काळी_चार, घडलं हे: आधी बारा स्वर चवीपुरते होते, नंतर सगळी इमारत त्यांवर उभी राहिली. आणि ही रेष मी मारलेली नाही. जिनास्तेरानेच आपल्या कामाचे तीन टप्पे सांगितले: 1948 पर्यंत वस्तुनिष्ठ राष्ट्रवाद, 1958 पर्यंत व्यक्तिनिष्ठ राष्ट्रवाद, पुढे नवअभिव्यक्तिवाद. शिवाय 1940 च्या दशकातल्या दोन सिम्फनी त्याने स्वतः मागे घेतल्या. सुरुवातीच्या कामाबद्दल तो माझ्याहून कडक होता.

‘लोकांना उत्तरार्ध झेपत नाही’ हे कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो. 1961 च्या कन्चेर्तोचा शेवटचा भाग, तोकाता कोन्चेर्ताता, 1973 मध्ये इमर्सन, लेक अँड पामर या रॉक बँडने उचलला. प्रकाशकाची परवानगी मिळेना तेव्हा कीथ इमर्सन थेट जिनीव्हाला गेला, जिनास्तेराने ध्वनिमुद्रण ऐकलं आणि खूश होऊन होकार दिला. रॉकच्या श्रोत्यांनी त्याचं बाराही स्वरांतलं संगीत पचवलं. आपल्याकडच्या सिम्फनीवाल्यांनाच अजीर्ण होतं.

खर्जातला

आणि त्या तोकातात रॉकवाल्याला काय सापडलं? सहाच्या ठेक्यातली न थांबणारी धाव. मालांबोच तो, फक्त अंगावर बारा स्वरांचा कोट. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात, आभारी आहे.

टप्प्यांचं म्हणाल तर ती विभागणी 1960 च्या दशकातली. पुढे माणूस 1983 पर्यंत लिहीत होता. अर्ध्या वाटेत काढलेला नकाशा आहे तो. आणि त्या वेळी तो आपल्याला आधुनिकांच्या रांगेत बसवू पाहत होता, हेही ध्यानात घ्या.

चोखंदळ

पैशाचं कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. 1962 मध्ये ब्युनोस आयर्सच्या दि तेल्या संस्थेत त्याने लॅटिन अमेरिकेतल्या तरुण संगीतकारांसाठी उच्च शिक्षणाचं केंद्र उभं केलं, ते रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीवर. ऑपेरांपैकी दोन पहिल्यांदा लागले ते वॉशिंग्टनला. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेला असाच ‘आधुनिक, स्वतंत्र’ लॅटिन कलाकार हवा होता. 1941 ला कर्स्टीनला गाउचो हवा होता, 1961 ला वॉशिंग्टनला बारा स्वर. गिऱ्हाईक तेच, फर्माईश बदलली.

काळी_चार

चोखंदळ, हे फार सोपं होतंय. त्या केंद्रात बाराएक जणांना दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळायची, शिकवायला मेसियाँ, नोनो, दालापिकोला, झेनाकिस असे युरोपातले आधुनिक संगीतकार पाहुणे, आणि इलेक्ट्रॉनिक संगीताची प्रयोगशाळा. 1971 ला ते बंद पडलं. मेसियास माइगुआश्का आणि जॅकलीन नोव्हा हे संगीतकार तिथलेच. यांच्यातलं कुणीही जिनास्तेरासारखं लिहीत नाही. फर्माईशीवर चालणाऱ्या दुकानातून असा माल बाहेर पडत नाही.

शिवाय सत्तेशी त्याचं कधी पटलं? अर्जेंटिनाचा नेता पेरोन याच्या काळात 1945 ला लष्करी शाळेतली नोकरी गेली, 1952 ला स्वतः स्थापन केलेल्या ला प्लाताच्या संगीत विद्यालयाचं संचालकपद गेलं. पेरोन गेल्यावर ते परत मिळालं, तर पुढच्या राजवटीने ‘बोमार्झो’ अडवला. घर चालवायला त्याने चित्रपटांना संगीत दिलं, त्याबद्दल त्याला कुणी नावं ठेवत नाही.

सत्तेचाळीस_तारा

1958 च्या रेषेवर वाद चालू आहे तर त्या रेषेवरच बसलेली कृती कुणी का काढत नाही? हार्प कन्चेर्तो, ओपस 25. हार्पवादक एडना फिलिप्सने 1956 ला लिहायला सांगितला, फिलाडेल्फियात वाजला 1965 ला, वादक निकानोर साबालेता, निर्देशक ऑर्मांडी. मधल्या काळात फिलिप्स रंगमंचावरून निवृत्त झाल्या.

इतका वेळ का, त्याचं एक कारण वाद्यातच आहे. हार्पला तारा 47, पण पेडल सात, एकेका स्वरनामाला एक. प्रत्येक पेडलच्या तीन जागा: कोमल, शुद्ध, तीव्र. ‘सी’चं पेडल तीव्र केलं की सगळ्या सप्तकांतले ‘सी’ तीव्र होतात. म्हणजे कुठल्याही क्षणी जास्तीत जास्त सात वेगळे स्वर हाताशी. बाराही हवे असतील तर वाजवता वाजवता पाय हलवायचे. डाव्या पायाकडे तीन पेडल, उजव्याकडे चार. एका पायाच्या वाट्याची दोन एकदम बदलायची असली की वादक अडकतो. पियानोवर बारा स्वरांची ओळ लिहिणं आणि हार्पवर लिहिणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

या कन्चेर्तोत तो काय करतो? ती ओळ हट्टाने लादत नाही. शेवटच्या भागाआधी हार्प एकटीच मोकळेपणाने बोलते, तिथे तारांवर नखं, हाताचा तळवा, घसरणारे आवाज असे प्रकार येतात. मग ऑर्केस्ट्रा घुसतो आणि सुरू होतो सहाचा ठेका. वाजवणाऱ्यांना एक सूचना: पेडलचे बदल सुट्या कागदावर नको, थेट स्वरलिपीत मात्रेच्या खाली लिहा. या लयीत नजर दुसरीकडे वळवायला वेळ नसतो, आणि चुकीच्या जागी राहिलेलं एक पेडल पुढचं अख्खं पान बिघडवतं.

अनवट

हार्पचं मान्य, तो अपवाद म्हणून सुंदरच आहे. पण मग ‘बोमार्झो’चं काय? सोळाव्या शतकातला कुबडा सरदार, अमर होण्यासाठी घेतलेल्या काढ्यात विष, आणि मरता मरता डोळ्यांपुढून सरकणारं आयुष्य, पंधरा दृश्यांत. त्यात मालांबो शोधून दाखवा.

खर्जातला

नाही सापडत. म्हणूनच दुसऱ्या अंकात माझं लक्ष उडतं. त्या काळात युरोपभर जो तो असेच धूसर स्वरपुंज आणि वादकांवर सोडलेल्या जागा लिहीत होता. ‘डॉन रोद्रिगो’ त्यापेक्षा घट्ट बांधलेला आहे. तोच 1966 मध्ये न्यूयॉर्क सिटी ऑपेराने लिंकन सेंटरच्या नव्या घरात पहिला लावला, प्लासिदो दोमिंगोला घेऊन.

आणि शेवटची कृती विसरू नका. ‘पोपोल वुह’, मायांच्या सृष्टिकथेवरची. ऑर्मांडीसाठी 1975 ला लिहायला घेतली, आठ भाग ठरले होते, सात लिहून झाले आणि तो जिनीव्हात वारला. 1989 ला सेंट लुईसमध्ये निर्देशक स्लॅटकिनने ती वाजवली. त्यात मक्याच्या विधीचा एक भाग आहे, तो ऐका. ओपस 1, ‘पानाम्बी’, ग्वारानी आदिवासींच्या दंतकथेवरचा बॅले होता, त्यातही असेच तालवाद्यांचे खरबरीत ठोके आहेत.

अनवट

ऐकलाय. ‘पानाम्बी’तले ठोके स्त्राविन्स्कीकडून उसने आहेत, ‘पोपोल वुह’मधले त्याचे स्वतःचे. मधे ‘कांताता’ घडली नसती तर ते लिहिताच आले नसते. त्या कांतातात गायिकेमागे व्हायोलिन नाही, बासरी नाही, फक्त ठोकायची वाद्यं, दोन पियानो आणि सेलेस्टा. सोप्रानोला आधाराचा स्वर शोधायला जागाच नाही, म्हणून ती फार कमी वेळा लागते. मालांबोला मात्र तालमीचा एक तास पुरतो.

तिहाई

एका तासात बसवलेला मालांबो लगेच ओळखू येतो. वर लिहिलंय ना, झायलोफोन पळत सुटलेला असतो.