अनुभव धागा: शोकातल्या देशासमोर नव्या नेत्याचं पहिलं भाषण

भाषण पाच-सात मिनिटांत संपतं. त्यामागचा मसुदा, अनुवाद, प्रॉम्प्टर (वक्त्यासमोर मजकूर दाखवणारी काच), ध्वनी, सांकेतिक भाषा हे सगळं काही तासांत उरकायचं असतं. मुंबईत ही कामं करणारे पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावं. आठवणी नकोत, कृती द्या: किती, कसं, कुठे चुकतं.

मसुदा (विलेपार्ले)

आधी लांबी ठरवा, मजकूर नंतर. २२ नोव्हेंबर १९६३ ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतर नवे अध्यक्ष लिंडन जॉन्सन वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज विमानतळावर उतरले आणि इंग्रजीत फक्त ५८ शब्द बोलले. दुःखाची वेळ, न मोजता येणारी हानी, कुटुंबाचा शोक, मी माझ्याकडून होईल तेवढं करीन, मला साथ द्या. बस. धोरणाचं भाषण पाच दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, अमेरिकी संसदेच्या संयुक्त सभेत झालं. ही दोन भाषणं वेगळी ठेवता आली तर अर्धं काम झालं. एकत्र केली की डोळे पुसत असलेल्या माणसाला तिसऱ्या मिनिटाला योजना ऐकाव्या लागतात, आणि तो ते विसरत नाही.

आपल्याकडे नेहरू २७ मे १९६४ ला गेले, मधले दिवस गुलझारीलाल नंदांनी कारभार पाहिला आणि शास्त्रीजी ११ जूनला आकाशवाणीवरून बोलले. एवढं अंतर असेल तर पुढच्या कामाबद्दल बोलणं शोभतं. पहिल्या रात्री नाही.

क्रम असा: काय घडलं ते एका वाक्यात, मग गेलेल्या माणसाबद्दल, कुटुंबाचं सांत्वन, मग लोकांनी काय करायचं (अंत्यदर्शन कुठे, काय बंद, काय सुरू), आणि स्वतःबद्दल एकच वाक्य, तेही अखेरीकडे. साडेचारशे शब्दांवर जाऊ नका. शोकात मिनिटाला नव्वद-शंभर शब्दच नीट बोलले जातात. छापील मसुद्यात ‘मी’ मोजा. मराठीत ‘मी’ न लिहिताही क्रियापदात बसलेला असतो, म्हणून ‘करीन’, ‘इच्छितो’ हेही मोजा.

अनुवाद (गिरगाव)

दिल्लीहून हिंदी मजकूर येतो आणि तो मराठीत करायला वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. लिपी एकच, म्हणून हात सैल सुटतो आणि तिथेच घात होतो. ‘सारा संसार शोक में’ म्हणजे सारं जग. मराठीत संसार म्हणजे घर-प्रपंच. हिंदीतली ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे टिंगल. ‘शिक्षा’ म्हणजे तिकडे शिक्षण, इकडे दंड. ‘आपत्ति’ म्हणजे आक्षेप, मराठीत संकट. दुखवट्याच्या भाषणात यातला एक जरी निसटला तरी उरलेलं भाषण कुणी ऐकत नाही. ही यादी टेबलाशी चिकटवून ठेवावी आणि घाईत शेवटची नजर फक्त या शब्दांसाठी फिरवावी.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. हिंदीत ‘हम’ एकच, इंग्रजीतही एकच शब्द. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे. ‘आम्ही एक थोर नेता गमावला’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, दुःख सरकारचं किंवा पक्षाचं होतं. ‘आपण गमावला’ म्हटलं की तो आत येतो. पण ‘आम्ही तातडीची व्यवस्था केली आहे’ इथे ‘आपण’ घातलं तर जबाबदारी विरघळते. दुःखाला ‘आपण’, कामाला ‘आम्ही’. प्रत्येक ‘हम’ला खूण करा आणि एकेक ठरवा, सरसकट बदलू नका.

‘कैलासवासी’, ‘पैगंबरवासी’, ‘ख्रिस्तवासी’ हे धर्म पाहून येतात. अनेक जण एकदम गेले असतील तर ‘दिवंगत’ किंवा ‘मृत्युमुखी पडलेले’ वापरा. हत्या अधिकृतपणे जाहीर झालेली नसेल तर ‘मृत्यू’च लिहा. हिंदीतल्या ‘शहीद’ला मराठीत ‘हुतात्मा’ आहे, पण मूळ मजकुरात तो नसेल तर आपण पदरचा घालू नये.

प्रॉम्प्टर (अंधेरी)

काच ४५ अंशांत, मजकूर उलटा पाठवायचा म्हणजे वक्त्याला सुलटा दिसतो. कॅमेरा तीनेक मीटरवर ठेवा, त्याहून जवळ आणला की डोळे ओळीवर सरकताना दिसतात आणि माणूस वाचतोय हे उघड होतं. ओळीत चार-पाच शब्द, नाव-आडनाव एकाच ओळीत.

खरा त्रास फॉन्टचा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात ‘करणाऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतला अर्धा र फुटून ‘र् या’ असा सुटा पडतो आणि वक्ता नेमका तिथे अडखळतो. म्हणून ‘ऱ्य’ शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी तपासा. टेबलावर तोच मजकूर कागदावर हवाच: पानांवर आकडे, पिन न मारता, पान वाक्याच्या मध्ये न तुटणारं.

ध्वनी (वरळी)

माइक सुरू आहे असं समजूनच सगळ्यांनी वागावं. १६ एप्रिल १९४५ ला अमेरिकेचे नवे अध्यक्ष हॅरी ट्रुमन, अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या निधनानंतरचं पहिलं भाषण करायला अमेरिकी संसदेत उभे राहिले आणि ओळख होण्याआधीच बोलू लागले. सभापती रेबर्न त्यांना ‘थांब हॅरी, आधी ओळख करून देऊ दे’ अशा अर्थाचं म्हणाले, आणि ते माइकवरून साऱ्यांनी ऐकलं.

कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर. शाल, उपरणं किंवा कडक खादी घासली की खरखर येते. कापडाखाली टेपची घडी द्या आणि वक्त्याला एकदा वळून, नमस्कार करून पाहायला सांगा. एसी बंद ठेवा. ध्वनीचा कॉम्प्रेसर (आवाजाची पातळी सारखी करणारं यंत्र) जवळजवळ वापरूच नका, कारण वक्ता थांबला की तो खोलीची घरघर वर खेचतो आणि आवंढासुद्धा मोठा ऐकू येतो.

बहुतेक जण विसरतात ती गोष्ट: प्रक्षेपणाच्या साखळीत शांतता ओळखणारं यंत्र असतं. काही सेकंद आवाज आला नाही की ते बिघाड समजून राखीव ध्वनीवर उडी मारतं. भाषणात दोन मिनिटं मौन असेल तर ते यंत्र आधी बंद करायला हवं, नाहीतर मौनात भलतंच संगीत वाजतं.

सांकेतिक भाषा (घाटकोपर)

मजकूर अर्धा तास आधी द्या, विशेषतः नावं आणि गावं. बोटांनी लिहायची नावं ऐनवेळी आली की मागचं वाक्य निसटतं. कपडे गडद, बिननक्षीचे. चौकटीत कोपरं पूर्ण दिसावीत आणि खालच्या बातमीपट्टीने हात झाकू नयेत. चेहरा हे इथे व्याकरण आहे, म्हणून चौकट लहान करू नका.

बुलेटिन (लोअर परळ)

वेळेबद्दल. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींवर सकाळी साडेनऊच्या सुमारास गोळ्या झाडल्या गेल्या, आकाशवाणीने निधनाची अधिकृत बातमी दिली ती संध्याकाळी. मधल्या वेळात परदेशी रेडिओ आणि अफवा बोलत होत्या. नव्या नेत्याचं भाषण उशिरा चालेल, पण मृत्यूची पुष्टी उशिरा नको. भाषण ध्वनिचित्रमुद्रित करून दाखवायला हरकत नाही. राणी एलिझाबेथ यांच्या निधनानंतर दुसऱ्या दिवशी, ९ सप्टेंबर २०२२ ला, तिसऱ्या चार्ल्स यांचं भाषण तसंच मुद्रित होतं.

जागांची नावं फार जड असतात. १२ मार्च १९९३ ला, मुख्यमंत्री होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, शरद पवारांनी दूरदर्शनवर मुंबईतल्या बॉम्बस्फोटांच्या ठिकाणांत मुस्लिमबहुल मशीद बंदरचं नाव मुद्दाम जास्तीचं जोडलं. दंगल पेटू नये म्हणून तसं केल्याचं त्यांनी पुढे स्वतः सांगितलं. हेतू समजतो. तरी डेस्कवर बसलेल्याने आपल्या अंगावर अशी भर घेऊ नये, वक्ता म्हणाला तेवढंच त्याच्या नावावर द्यावं.

झेंडा वक्त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे पडद्यावर आपल्या डावीकडे. आधी-नंतर पाच मिनिटं जाहिराती काढा, त्यांची स्वयंचलित यादीही हाताने थांबवा. पुनःप्रक्षेपणात भाषणापूर्वीची पाहुण्यांची चर्चा चिकटून येते, तेव्हा पहिलं वाक्य जिथे सुरू होतं त्याच्या दोन सेकंद आधी कापा आणि अखेरच्या वाक्यानंतरचा श्वास ठेवा.